रँड येण्याआधीचे पाच महिने

माझ्या आजीचं माहेर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. त्या घरात एक नियम होता आणि तो तिला तिच्या आईकडून मिळाला होता. घरात उंदीर मरून पडलेला दिसला की चूल बाहेर. डॉक्टरला विचारायचं नाही, पाटलाची वाट पाहायची नाही. भांडीकुंडी, पीठ, गुरं घेऊन रानात जायचं, खोप घालायची आणि गाव निवळेपर्यंत तिथंच राहायचं. लहानपणी आजी स्वतः एकदा अशी बाजरीच्या रानात दीड महिना राहिली होती.

"मग आली का साथ?" मी विचारायचो.

"न्हाई आली."

"म्हणजे उगाच गेलात."

"उगाच कसं रं? राहिलो न्हवं का आपण?"

या उत्तराचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि वैद्यकाचा तर नाहीच. शिरूरला कोंबडीखाद्याच्या एका दुकानात मी हिशेब लिहीत आलो. उरलेल्या वेळात पुणे जिल्ह्यातल्या प्लेगबद्दल हाती लागेल ते वाचलं: गॅझेटिअर, सरकारी अहवाल, आठवणी, कादंबऱ्या. चित्रपटही पाहिले. या वाचनातून एक तक्रार तयार झाली, ती इथे मांडतो. आपण मराठी माणसं प्लेगची जी गोष्ट सांगतो, ती चुकीच्या महिन्यात सुरू होते.

तारखेचा प्रश्न

आपल्या गोष्टीची तारीख सगळ्यांना पाठ आहे. २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, चाफेकर बंधू, रँड आणि आयर्स्ट. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या १९७९च्या चित्रपटाचं नावच ही तारीख आहे. हा चित्रपट मला आवडतो. त्यात आरडाओरडा नाही, देशभक्तीची पोस्टरबाजी नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. 'गोंद्या आला रे' ही त्या रात्रीची खूण तर इतकी रुजली आहे, की २०१९मध्ये त्याच नावाची वेबमालिका आली.

या कलाकृतींमध्ये खोटं काही नाही. मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सोल्जरांनी पुण्यात घरं तपासली, माणसं उचलून इस्पितळात आणि विलगीकरण छावण्यांत नेली, देवघरं आणि स्वयंपाकघरं तुडवली. लोकांचा संताप खरा होता. टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तीन सख्खे भाऊ फासावर गेले. हे विसरावं असं कोण म्हणेल?

माझा आक्षेप सुरुवातीवर आहे. या सगळ्या गोष्टींत प्लेग आधीपासूनच असतो. पडदा उघडतो तेव्हा साथ भरात असते आणि तिला सुरुवात असल्यासारखं वाटतच नाही. वादळ येतं तशी ती आलेली असते. त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उरतो: आलेल्या सत्तेशी कसं वागायचं? ही वेळ टाळता आली असती का, हा प्रश्न उठायला जागाच राहत नाही.

वॉल्टर चार्ल्स रँडने पुण्यातली सूत्रं हाती घेतली ती फेब्रुवारी १८९७मध्ये. प्लेगचं नाव मुंबईत उघडपणे घेतलं गेलं होतं २३ सप्टेंबर १८९६ला. मधले पाच महिने आपल्या गोष्टीत नाहीत. मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

मांडवीत काय दिसलं

मुंबईची मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची दाट वस्ती. १८९६च्या पावसाळ्यात तिथे उंदीर मरून पडू लागले. पाठोपाठ माणसांना ताप आणि जांघेत, काखेत गाठी. मांडवीत दवाखाना चालवणारे अकासिओ व्हिएगस हे मूळ गोव्याच्या हडफडे गावचे. ते मुंबई महापालिकेचे सदस्यही होते. आपण पाहिलेले रोगी गाठीच्या प्लेगचे आहेत, असं त्यांनी २३ सप्टेंबरला महापालिकेच्या स्थायी समितीपुढे सांगितलं.

लगेच वाद सुरू झाला. हा प्लेग कशावरून? ग्रंथिज्वर म्हणा, संशयास्पद ताप म्हणा. या शब्दांच्या घासाघिशीमागे अज्ञान होतं तसा हिशेबही होता. मुंबई हे साम्राज्याचं मोठं बंदर. प्लेग हा शब्द अधिकृतपणे उच्चारला की परदेशी बंदरं मुंबईची जहाजं अडवणार, माल पडून राहणार. ही भीती पोकळ नव्हती. फेब्रुवारी-मार्च १८९७मध्ये युरोपातल्या देशांनी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरवली, ती प्लेगसाठीच.

इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण सुरुवातीला माझाही गैरसमज होता. नाव घ्यायला कां-कूं होत होती, म्हणून कारवाई झाली नाही असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच महापालिकेने रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे अधिकार घेतले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. म्हणजे रोगाबद्दल लोकांशी सरळ बोलायचं नाही, पण माणूस मात्र घरातून उचलायचा, अशी ती रीत होती. धोक्याची सूचना वर पोचली, पण खाली कुणी दिली नाही. लोकांनी मग आपल्या मनानेच निर्णय घेतला आणि लाखोंनी मुंबई सोडली.

ते कुठे गेले हे कळायला दौंडच्या स्टेशनात उभं राहावं. मुंबई-पुणे-सोलापूर मार्ग इथून जातो आणि १८७८पासून मनमाडचा फाटाही इथूनच फुटतो. शिरूर रेल्वेवर नाही, पण पुणे-नगर रस्त्यावर आहे. घरी परतणाऱ्या माणसाबरोबर त्याचं गाठोडं होतं, आणि गाठोड्यात पिसू असू शकते हे तेव्हा कुणालाच नक्की माहीत नव्हतं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी १८९८मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवली. त्याचंही म्हणणं मान्य व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली.

फेब्रुवारी १८९७च्या अखेरीस पुणे शहरात सहाशेवर मृत्यू झाले होते आणि सुमारे निम्मी वस्ती बाहेर गेली होती. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा आला. मग रँड, मग सोल्जर. १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी हडपसरच्या बाजूला असलेल्या यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं, त्या सेवेतच त्यांना लागण झाली. मार्चमधल्या पुण्यात प्लेगशी वागण्याच्या दोन पद्धती अशा शेजारी-शेजारी होत्या. आपली लोकप्रिय गोष्ट त्यांतली एकच रंगवते.

रँडच्या क्रौर्याला मी सबब शोधत नाही. साथ भरात असतानाही माणसांशी माणसासारखं वागता येतं, हे सावित्रीबाईंनी दाखवून दिलं. पण राज्यकर्त्यांच्या बाजूने पाहिलं तर दिसतं ते असं: दुर्लक्ष आणि जुलूम ही एकाच कारभाराची दोन टोकं होती. सप्टेंबरमध्ये जे ऐकून थोडक्यात भागलं असतं, ते न ऐकल्यामुळे मार्चमध्ये बंदूक घेऊन करण्याची वेळ आणली गेली. सूचना लवकर ऐकली की सौम्य राहता येतं. उशीर झाला की हाताशी कठोर उपायच उरतात. आपल्या गोष्टीत नेमकं हेच नातं सुटलं आहे.

उंदरांपासून सुरू होणारी कादंबरी

आल्बेर काम्यूची 'प्लेग' ही १९४७ची कादंबरी मी इंग्रजीतून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. तिचा मोठा भाग साथीच्या ऐन भराचा आहे, पण मला खिळवलं ते पहिल्या भागाने. अल्जेरियातल्या ओराँ शहरात डॉक्टर रियो सकाळी दवाखान्यातून निघतो तेव्हा जिन्यात मेलेल्या उंदरावर त्याचा पाय पडतो. इमारतीचा रखवालदार म्हणतो, आमच्या इमारतीत उंदीर नाहीतच. कुणीतरी खोडसाळपणे आणून टाकला असणार. पुढे हाच रखवालदार पहिल्या रोग्यांमध्ये असतो.

काम्यूने नकाराच्या पायऱ्या एकेक करून दाखवल्या आहेत. उंदीर रस्त्यावर मरत होते तोवर वर्तमानपत्रं भरभरून लिहीत होती. माणसं घरात मरू लागल्यावर ती गप्प झाली, कारण त्यांची नजर रस्त्यापुरती होती. म्हातारा डॉक्टर कास्तेल रोगाचं नाव घेतो तेव्हा समितीतले लोक दचकतात, तपासणीचा निकाल येऊ द्या म्हणतात. रियोचं म्हणणं असं, की नावावरून वाद नको, पण प्लेग असल्यासारखं वागायला आजच लागू. अखेर भित्तिपत्रकं लागतात तीही लहानशी, सहज नजरेला पडणार नाहीत अशा कोपऱ्यांत.

मांडवीचा इतिहास माहीत असलेल्याला ही पानं ओळखीची वाटतात. मराठी प्लेगकथेत जे सुटलं, ते इथे आहे. तरी या कादंबरीचीही एक मर्यादा आहे आणि ती अनेकांनी सांगितली आहे. ओराँमध्ये अरब राहत होते. कादंबरीत ते जवळपास नाहीत. सगळं पाहणारे, बोलणारे, निर्णय घेणारे फ्रेंच. उंदीर पहिल्यांदा कुणाला दिसले असतील? झाडूवाल्याला, हमालाला, वखारीत झोपणाऱ्याला. त्यांचं म्हणणं काम्यूच्याही कानावर आलं नाही.

हीच अडचण सत्यजित राय यांच्या 'गणशत्रू'ची (१९८९). इब्सेनच्या १८८२च्या नाटकावरून केलेला हा चित्रपट. देवळाच्या तीर्थातून कावीळ पसरते आहे, असं डॉक्टर अशोक गुप्त सांगतात आणि गाव त्यांच्यावर उलटतं. त्यांचा सख्खा भाऊच नगरपालिकेचा अध्यक्ष असतो. सौमित्र चटर्जी यांचं काम सुरेख आहे. पण अशा कथांनी आपल्याला एक सवय लावली: सूचना देणारा म्हणजे एकटा, शिकलेला, सत्यासाठी हुतात्मा व्हायला तयार असलेला माणूस. प्रत्यक्षात पहिली सूचना बहुतेक वेळा हुतात्म्याच्या तोंडून येत नाही. ती अर्धवट असते, कामाच्या गडबडीत दिलेली असते, आणि देणाऱ्याला आपण सूचना देतो आहोत हेही ठाऊक नसतं.

बीड जिल्ह्यातल्या मामला गावाचं उदाहरण घ्या. १९९४च्या ऑगस्टमध्ये तिथले लोक सांगत होते, की उंदीर पडताहेत आणि पिसवा फार चावताहेत. गाठीचे संशयित रोगी पुढे आले ते सप्टेंबरच्या मध्यात. त्यानंतर काही दिवसांनी सुरत हादरलं आणि लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली. तो प्लेगच होता का, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. पण मांडवीनंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी पहिलं वाक्य तेच होतं आणि सांगणारेही तसेच साधे लोक होते.

काल नऊ, आज बावीस

इथवर मी इतरांच्या चुका दाखवल्या. आता माझी.

फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला होता. तिथले पक्षी त्याआधीपासून मरत होते आणि ती मानमोडीची साथ समजली गेली होती. मानमोडी म्हणजे रानीखेत, पोल्ट्रीवाल्यांच्या नेहमीच्या ओळखीचा रोग. आमच्या पट्ट्यात चिकनचा भाव कोसळला. दुकानाची उधारी थकली, माझ्या वहीतल्या येण्याच्या बाजूला आठवडाभर एक ओळही लिहिली गेली नाही.

त्या दिवसांत एका शेडवर काम करणाऱ्या बाई खाद्याचं बिल घेऊन आल्या. जाता जाता म्हणाल्या, "भाऊ, आज बावीस पक्षी गेले. काल नऊच होते. माना टाकतात."

मी म्हणालो, "मावशी, मानमोडी असेल. बाहेर बोलू नका. आधीच बाजार पडलाय."

त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या. मी मालकांना सांगितलं नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात फोनही केला नाही. पुढे ती मानमोडीच निघाली. शेडचं नुकसान झालं, पण बाकी काही घडलं नाही. मी कित्येक वर्षं हा प्रसंग माझ्या शहाणपणाचा दाखला म्हणून सांगत असे. उगाच बोभाटा केला असता तर किती जण बुडाले असते, असं म्हणत असे.

आजीच्या उत्तराचा अर्थ मला इथे लागला. तिच्या घराने उंदीर पाहून गाव सोडलं, साथ आली नाही, आणि ते चुकले नाहीत. मी पक्षी मरताना ऐकून गप्प बसलो, साथ आली नाही, आणि तरी मी चुकलो. काय घडलं यावरून निर्णय बरोबर ठरत नाही. त्या क्षणी हातात काय होतं यावरून ठरतो. माझ्या हातात 'काल नऊ, आज बावीस' होतं. त्या बाईंनी मला संशय सांगितला नव्हता, मोजलेला आकडा सांगितला होता. मी नशिबाला अक्कल समजलो.

माझी भीती खोटी होती असंही नाही. जानेवारी २०२१मध्ये बर्ड फ्लू आमच्या जिल्ह्यात आला, दौंड तालुक्यातल्या बोरीबेलपर्यंत. सापडलेल्या जागेभोवती एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट करायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवायचं, असा नियम आहे. भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधी मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर सांगणाऱ्याचा त्यात थोडा फायदा आहे, पण त्याच्या सांगण्याने शेजाऱ्याच्या शेडमधले धडधाकट पक्षीही जातात. त्याआधी २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमुळे कोरोना होतो या निव्वळ अफवेने याच पट्ट्यातले लोक धुतले गेले होते. ज्याने हे भोगलं, त्याला 'निर्भयपणे कळवा' असा उपदेश करणं सोपं आहे. सांगणाऱ्याचं नुकसान कमी कसं होईल हे ठरवल्याशिवाय पहिलं वाक्य बाहेर येत नाही. मुंबई बंदराचा हिशेब आणि माझ्या वहीतला हिशेब यांत रकमेचाच काय तो फरक होता.

शेजारच्या तालुक्यात

सूचना ऐकली गेल्याचं उदाहरणही लांब नाही. दौंडला लागून पुरंदर तालुका आहे. तिथल्या बेलसर गावात जुलै २०२१मध्ये तापाचे रोगी वाढले. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, त्यामुळे ताप म्हणजे कोरोना असं धरून चालणं सोपं होतं. तरी पाच नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले आणि तीनांत चिकुनगुन्या निघाला. तिथेही थांबता आलं असतं. पण संस्थेचं पथक गावात आलं, बेलसर आणि परिंचे इथून आणखी ४१ नमुने घेतले. त्यांत २५ चिकुनगुन्याचे, तीन डेंगीचे आणि एक झिकाचा निघाला. महाराष्ट्रातला झिकाचा हा पहिला रोगी. मग घरोघर पाहणी आणि डासांचा बंदोबस्त सुरू झाला. सोल्जर लागले नाहीत. या घटनेवर कुणी चित्रपट काढणार नाही, कारण त्यात खलनायक नाही आणि गोळी नाही.

यामागे कंटाळवाण्या कागदांची शिस्त असते. नोव्हेंबर २००४पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्यात उपकेंद्रातली आरोग्यसेविका लक्षणं नोंदवते, डॉक्टर संशयित निदान नोंदवतात आणि प्रयोगशाळा खात्रीचं. त्यांचे तक्ते एस, पी आणि एल या अक्षरांनी ओळखले जात. आता हे काम संगणकावर चालतं. रोगी नसला तरी शून्य लिहून पाठवायचं असतं. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आजूबाजूच्या गावांतले जन्म, मृत्यू, आजार यांची नोंद या शतकाच्या सुरुवातीपासून ठेवत आलं आहे. अशा नोंदींची किंमत त्या शेडवरच्या बाईंना कळली असती. बावीस हा आकडा भयंकर केव्हा वाटतो? काल नऊ होते हे कुणीतरी मोजलेलं असेल तेव्हा.

पण तक्ता फक्त विचारलेलं नोंदवतो. 'पिसवा फार चावताहेत' हे वाक्य लिहायला त्यात रकाना नसतो. ते वाक्य आशाताईंना, शेजारच्या डॉक्टरला, नाहीतर खाद्याच्या दुकानातल्या हिशेबनिसाला ऐकू येतं. त्याने ते पुढे द्यायचं की गिळायचं, हे बऱ्याच अंशी त्याने लहानपणापासून कोणत्या गोष्टी ऐकल्या आहेत यावर ठरतं. म्हणून मला गोष्टींची समीक्षा महत्त्वाची वाटते. तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला भ्यावं, हे आपल्या प्लेगकथेने आपल्याला शिकवलं. ते शिकवायला तिच्याकडे कारण होतं. अधिकारी बंदूक घेऊन येण्याची वेळ कशी येते, हे मात्र तिने शिकवलं नाही.

'गोंद्या आला रे' ही खरं तर तोंडातोंडी पुढे दिलेली सूचनाच होती. एकाने पाहिलं, दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने पुरावा मागितला नाही. ही आरोळी आपल्या पोरांना पाठ आहे. आजीच्या घरातलं 'उंदीर पडला' हे वाक्यही तसंच चालायचं: एकाने पाहिलं, घरभर झालं, चूल बाहेर. कुणी त्यावर मालिका काढली नाही, आणि आजीबरोबर ते आमच्या घरातूनही गेलं. मी ते माझ्या मुलांना कधी सांगितलं नव्हतं. या दिवाळीत सांगणार आहे, आणि बावीस पक्ष्यांची गोष्टही. या खेपेला शहाणपणाचा दाखला म्हणून नाही.